रेझिस्टरवर सारखे, स्पीकरवर वेगळे: दोन अ‍ॅम्पच्या तुलनेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण दोन भावांचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि उपकरणांची मॉडेलं इथे दिलेली नाहीत. थोरल्याकडे बऱ्याच वर्षांपासून व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) एक स्टिरिओ अ‍ॅम्प होता. पुश-पुल रचनेचा (व्हॉल्व्ह जोडीने काम करतात असा), फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) अगदी बेताचा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ४ आणि ८ ओहमची वेगवेगळी टोकं असलेला. स्पीकर टू-वे (खालच्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळे पडदे असलेले), बेस-रिफ्लेक्स म्हणजे हवेला भोक ठेवलेल्या पेटीचे, पाठीवर '८ ओहम' छापलेले. ते ८ ओहमच्या टोकाला जोडलेले होते.

व्हॉल्व्ह पुन्हा बदलायची वेळ आली तेव्हा धाकट्याने क्लास-डी प्रकारचा (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून चालणारा) एक छोटा अ‍ॅम्प आणून दिला. तापत नाही, जागा कमी लागते, शांत जागेत गुणगुण ऐकू येत नाही. विक्रेत्याने परत करण्यासाठी मोजकेच दिवस दिले होते, त्यामुळे कोणता ठेवायचा हे लवकर ठरवणं भाग होतं.

थोरल्याने दोन्हीवर आपले नेहमीचे तुकडे ऐकले आणि नवा नापास केला. त्याची तक्रार मात्र 'ऊब नाही, जीव नाही' अशी मोघम नव्हती. त्याने दोन गोष्टी नेमक्या सांगितल्या. गायिकेचा आवाज नव्या अ‍ॅम्पवर मागे सरकतो. आणि जाड पुरुषी आवाज, विशेषतः नुसतं बोलणं, छातीतून आल्यासारखं जास्त भरून येतं. तक्रार इतकी नेमकी असेल तर ती तपासता येते, आणि म्हणूनच मला या प्रकरणात लक्ष घालावंसं वाटलं.

अडचण

धाकटा इलेक्ट्रॉनिक्समधला. त्याने दोन्ही अ‍ॅम्प रीतसर मोजले होते. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाडजूड रेझिस्टर लावला, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) चालवला, आणि दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवले. फरक कुठेही ०.३ डेसिबलच्या वर गेला नव्हता. हार्मोनिक विकृतीत, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले जे सूर उपकरण स्वतःहून मिसळतं त्यांच्या प्रमाणात, मात्र मोठं अंतर होतं. ८ ओहमवर १ वॅट देताना, म्हणजे २.८३ व्होल्टला, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची विकृती सुमारे ०.४ टक्के होती आणि त्यात दुसऱ्या हार्मोनिकचा (दुप्पट वारंवारतेच्या सुराचा) वाटा सर्वांत मोठा होता. नव्याची ०.००४ टक्के.

"दादा, दोन्ही रेषा एकावर एक बसतात. तुला जे ऐकू येतंय ते सवयीचं आहे."

"सवयीचं असेल तर ते रोज त्याच तुकड्यात, त्याच जागी कसं सापडतं मला?"

दोघांचाही मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. आलेख नीट काढलेला होता. तक्रारही पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत येत होती. एकाला दुसऱ्याचं म्हणणं खोटं ठरवल्याशिवाय आपलं खरं होईल असं वाटत नव्हतं, आणि गाडी तिथेच अडली होती.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सरळ होता: थोरल्याला आवडत नाही ना, मग नवा परत करायचा आणि जुन्याला नवे व्हॉल्व्ह बसवायचे. पण मग फरक कशामुळे पडतो हे कधीच कळलं नसतं, आणि पुढचा कोणताही अ‍ॅम्प घेताना हाच वाद झाला असता. दुसरा पर्याय धाकट्याचा होता, आलेखावर भरवसा ठेवून नवा ठेवायचा. हे म्हणजे रोज ऐकणाऱ्याला गप्प बसवणं झालं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे बसायच्या जागी मापनाचा माइक ठेवून दोन्ही अ‍ॅम्पवर स्वीप घ्यायचा. बरेच जण इथूनच सुरुवात करतात. माइक तसूभरही न हलवता दोन्ही मोजण्या केल्या तर त्यांची वजाबाकी कामाची असते. पण माइक जरासा हलला तरी वरच्या पट्टीत खोलीतल्या परावर्तनांमुळे एक-दोन डेसिबल सहज इकडेतिकडे होतात, आणि आम्ही शोधत होतो तो फरक तेवढाच असण्याची शक्यता होती.

मी चौथा मार्ग सुचवला. स्पीकर तोच, जागा तीच, खोली तीच. मग अ‍ॅम्प बदलल्यावर आवाजात जो काही फरक पडेल तो स्पीकरच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजमधूनच आत शिरायला हवा. दुसरी वाटच नाही. म्हणून मोजायचं ते टोकांवर, आणि स्पीकर जोडलेला असताना. धाकट्याने रेझिस्टरवर मोजलं होतं. ती एरवीची प्रमाण पद्धत आहे आणि अ‍ॅम्पची आपसांत तुलना करायला चांगलीही आहे, पण या घरात रेझिस्टर कुणी ऐकत नव्हतं.

निर्णयाचा पहिला टप्पा: आधी कान की आधी मीटर?

धाकट्याला लगेच टोकांवर मोजायचं होतं. मी आधी ब्लाइंड टेस्टचा (काय वाजतंय ते न बघता ओळखायच्या चाचणीचा) आग्रह धरला, त्याला कारण होतं. न बघता फरक ओळखता येत नसेल तर पुढच्या मोजणीत वेळ घालवायची गरज नाही. ओळखता येत असेल तर मोजणीला काहीतरी सापडलंच पाहिजे, आणि 'आलेख सारखे आहेत' एवढ्यावर धाकट्याला थांबता येणार नाही.

पातळी जुळवणं हा अशा चाचणीचा कणा. दोनपैकी जरासा मोठा वाजणारा अ‍ॅम्प बहुतेकांना 'जास्त मोकळा' वाटतो. १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरून दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणली. व्होल्टेजच्या भाषेत हा फरक १ टक्क्याच्या जरासा वर जातो: एक २.००० व्होल्ट असेल तर दुसरा २.०२३ च्या पुढे जाता कामा नये. साध्या मल्टिमीटरच्या एसी पट्टीची हमी बरेचदा ४०० हर्ट्झपर्यंतच असते, त्यामुळे १ किलोहर्ट्झला त्याचा आकडा थोडा चुकू शकतो. पण दोन्ही अ‍ॅम्प एकाच वारंवारतेला, एकाच मीटरने मोजले तर ती चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि तुलनेला बाधा येत नाही.

अदलाबदलीचा डबा बनवताना दोन गोष्टी जपाव्या लागल्या. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला सिग्नल चालू असताना लोडशिवाय, म्हणजे टोकांना स्पीकर किंवा रेझिस्टर न जोडता, ठेवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो. म्हणून स्पीकर दुसऱ्या अ‍ॅम्पकडे गेला की जुन्याच्या टोकांवर आपोआप एक रेझिस्टर येईल अशी रिले (विजेने चालणारा स्विच) लावली. दुसरी गोष्ट नव्या अ‍ॅम्पची. बहुतेक क्लास-डी अ‍ॅम्पचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. त्यात काळं टोक 'अर्थ' (शून्य व्होल्टचं टोक) नसतं, त्यावरही सिग्नल असतो. दोन अ‍ॅम्पची काळी टोकं एकत्र बांधली तर नवा जळू शकतो. म्हणून रिलेने लाल आणि काळी अशी दोन्ही टोकं तोडायची आणि जोडायची.

क्रम नाणं उडवून आधीच ठरवलेला होता आणि डबा फिरवणारा दुसऱ्या खोलीत बसला होता. १६ फेऱ्या झाल्या. थोरल्याची १५ उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजाने १५ किंवा १६ बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३,८५० त एक आहे. धाकटा कागद हातात घेऊन बराच वेळ आकडे पुन्हा मोजत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. म्हणजे मी चुकीच्या जागी मोजलं."

निर्णयाचा दुसरा टप्पा: स्पीकर जोडून मोजणी

मोजणीला रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम आणि एक साधं बाहेरचं साउंड कार्ड वापरलं. इथेही ब्रिज आउटपुटची आठवण ठेवावी लागते. साउंड कार्डच्या इनपुटचा अर्थ स्पीकरच्या काळ्या टोकाला लावला आणि तो अर्थ संगणकामार्फत अ‍ॅम्पच्या अर्थपर्यंत पोहोचला, तर अ‍ॅम्पची अर्धी बाजू शॉर्ट होते. आम्ही कार्डाच्या एका चॅनलला लाल टोक दिलं, दुसऱ्याला काळं, दोन्ही रेझिस्टरच्या विभाजकातून दहापट खाली आणून. वजाबाकी प्रोग्रॅममध्येच केली.

नव्या अ‍ॅम्पची रेषा स्पीकर जोडल्यावरही जवळपास सपाट राहिली. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची राहिली नाही. १ किलोहर्ट्झला दोन्ही जुळवलेले असल्यामुळे ते शून्य धरून वाचलं तर ७० हर्ट्झच्या आसपास जुना ०.९ डेसिबल वर होता, १८० हर्ट्झला १.६ डेसिबल खाली, आणि २ किलोहर्ट्झच्या भोवती पुन्हा ०.८ वर. दरीपासून शिखरापर्यंत सुमारे २.५ डेसिबल.

आता थोरल्याची तक्रार यावर ठेवून बघा. २ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा थोडा जरी उचलला तरी गाणारा आवाज पुढे येतो. नव्यावर तो उठाव नाही, म्हणून गायिका 'मागे सरकली'. १८० हर्ट्झची दरी पुरुषी आवाजाचा भरदारपणा कमी करते. नव्यावर दरी नाही, म्हणून बोलणं 'छातीतून' आलं. हा माणूस कोणताही आलेख न बघता आलेखच सांगत होता. एवढ्या रुंद पट्ट्यात एक-दीड डेसिबलचा फरक ऐकू येणं यात काही अद्भुत नाही, पण इतक्या नेमक्या शब्दांत तो पकडणं याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

हे कशामुळे होतं

स्पीकरवर छापलेले ८ ओहम हा एक ढोबळ आकडा असतो. खरा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, वारंवारतेनुसार वरखाली होतो. या स्पीकरचा मोजला तेव्हा ७० हर्ट्झच्या आसपास तो २० ओहमपर्यंत चढत होता, १८० हर्ट्झला ४.२ वर उतरत होता, १ किलोहर्ट्झला ९ च्या घरात होता आणि क्रॉसओव्हरमुळे (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमुळे) २ किलोहर्ट्झजवळ पुन्हा १८ पर्यंत जात होता.

अ‍ॅम्पच्या आतही थोडा इम्पीडन्स असतो, आणि तो स्पीकरच्या इम्पीडन्सशी मिळून व्होल्टेजची वाटणी करतो. जुन्या अ‍ॅम्पचा आम्ही दोन लोड लावून काढला, कारण त्याला लोडशिवाय चालवायचं नव्हतं. ८ ओहमवर २.०० व्होल्ट आले, व्हॉल्यूमला हात न लावता १६ ओहमवर २.२२. यातून आउटपुट इम्पीडन्स जवळपास २ ओहम निघतो, म्हणजे डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ८ ओहम भागिले हा इम्पीडन्स) फक्त ४. नव्याचा ओहमच्या काही शतांशांत होता.

आता हिशोब सोपा आहे. २ ओहमच्या पुढे ४.२ ओहमचा लोड असेल तर ३.४ डेसिबल आतच गळतात. १८ ओहमचा असेल तर जेमतेम ०.९. फरक २.५ डेसिबल, टोकांवर जेवढा मोजला तेवढाच. आणि रेझिस्टर प्रत्येक वारंवारतेला ८ ओहमच राहतो, म्हणून त्यावर गळतीही सगळीकडे सारखी होते आणि रेषा सपाट दिसते. धाकट्याचा आलेख बरोबर होता, थोरल्याचा कानही.

निर्णयाचा तिसरा टप्पा: एवढंच कारण आहे का?

धाकट्याला आता एक नवी शंका आली. विकृती शंभरपट जास्त आहे, मग दुसऱ्या हार्मोनिकचाही यात वाटा असेल. शंका रास्त होती. ०.४ टक्के म्हणजे मूळ सुराच्या ४८ डेसिबल खाली, आणि दुसरा हार्मोनिक मूळ सुराच्या सावलीत बराच झाकला जातो. पण तर्कावर सोडून देण्यापेक्षा करून बघणं सोपं होतं. नव्या अ‍ॅम्पच्या आणि स्पीकरच्या मध्ये, दोन्ही चॅनलना, २ ओहमचा तारेचा रेझिस्टर लावला. म्हणजे जुन्याचा आउटपुट इम्पीडन्स नव्याला उसना दिला, विकृती मात्र नव्याचीच राहिली. वॅटेज ऐसपैस घेतलं, कारण हा रेझिस्टर तापतो.

या वाटेला जुना आधार आहे. १९८५ मध्ये अमेरिकी अभियंता बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइल मासिकाच्या मंडळींसमोर आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या इतका जवळ आणून दाखवला होता की ऐकणाऱ्यांना दोन्ही वेगळे सांगता येईनात. त्यांनी दोन्ही अ‍ॅम्पचे आउटपुट एकमेकांतून वजा करून उरलेला अवशेष कमी कमी करत नेला होता. आमचा प्रयोग त्यापुढे फारच साधा.

टोकांवरचे दोन्ही आलेख आता पाव डेसिबलच्या आत आले. पातळी पुन्हा जुळवली आणि चाचणी पुन्हा घेतली. १६ पैकी ९ बरोबर. नाणं उडवलं तरी ९ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते. थोरला स्वतःच म्हणाला की आता त्याला पकडायला काही सापडत नाही.

काय ठरलं

इथपर्यंत 'कोणता अ‍ॅम्प चांगला' हा प्रश्न मागे पडला होता आणि 'कोणता आलेख आवडतो' हा पुढे आला होता. थोरल्याला उठावदार आवाज आवडतो. ती त्याची निवड, त्यात चूक-बरोबर काही नाही.

तीन वाटा होत्या. २ ओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवायचा: चालतं, पण शक्ती वाया जाते आणि उघड्यावर एक तापणारी वस्तू राहते. जुन्या अ‍ॅम्पवर स्पीकर ४ ओहमच्या टोकाला लावायचे: तिथे आउटपुट इम्पीडन्स साधारण निम्मा होतो, चढउतार २.५ वरून १.४ डेसिबलवर येतो, पण व्हॉल्व्हचा खर्च आणि देखभाल तशीच राहते. तिसरी वाट, नवा अ‍ॅम्प ठेवून गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या इक्वलायझरमध्ये तोच आकार उतरवायचा.

तिसरी निवडली. मोजलेल्या वजाबाकीवरूनच तीन फिल्टर बसवले: ७० ला थोडा उठाव, १८० ला दरी, २ किलोहर्ट्झला रुंद उठाव. टोकांवर पुन्हा मोजून आकार जुळल्याची खात्री केली. काही आठवड्यांनी थोरल्याने ७० हर्ट्झचा फिल्टर काढून टाकला. त्याच्या खोलीत तिथेच एक अनुनाद आहे आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प इतकी वर्षं त्यावर भर घालत होता. बाकीचे दोन त्याने ठेवले. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हा भाग वेगळा काढताच आला नसता, तिथे तिन्ही एकत्रच मिळतात.

वेगळं काय करता आलं असतं

डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचे रेझिस्टर) दोन वेगवेगळ्या ओहमचे वापरले असते तर सगळं प्रकरण पहिल्याच दिवशी उघड झालं असतं. ८ ओहमवरून ४ वर जाताना व्होल्टेज किती पडतं एवढं बघितलं की आउटपुट इम्पीडन्स हातात येतो. क्लास-डी अ‍ॅम्पसाठीही ही तपासणी हवीच. त्यातल्या काहींचा आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असतो आणि लोड बदलला की वरच्या टोकाला रेषा वळते. या अ‍ॅम्पमध्ये २० किलोहर्ट्झला ४ आणि ८ ओहममधला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत होता. तो जास्त असता तर आमचा हिशोब गुंतागुंतीचा झाला असता.

स्पीकरचा इम्पीडन्स आलेखही आधी काढायला हवा होता. त्याला साउंड कार्ड आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर पुरतो.

पातळी १ किलोहर्ट्झवर जुळवणं इथे चाललं, कारण त्या वारंवारतेला इम्पीडन्स शिखर आणि दरी यांच्या मधोमध होता. तोच सूर १८० हर्ट्झचा घेतला असता तर जुना अ‍ॅम्प बाकी सगळीकडे अडीच डेसिबलपर्यंत वर राहिला असता आणि थोरल्याने फक्त मोठा आवाज ओळखला असता. आलेख वेगळे असण्याची शंका असेल तिथे एका सुराऐवजी ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा मिळून होणारा खळखळाट) वापरावा.

सर्वांत कच्चा दुवा शेवटच्या चाचणीत आहे. १५ बरोबर म्हणजे फरक ऐकू येतो, हे ठामपणे सांगता येतं. ९ बरोबर म्हणजे फरक नाहीच, असं सांगता येत नाही. १६ फेऱ्यांत निदान १२ बरोबर हवेत असा निकष धरला, तर जो माणूस खरोखर दहापैकी सात वेळा फरक ओळखतो त्यालाही तो गाठण्याची शक्यता ४५ टक्केच आहे. ४० फेऱ्या घेऊन २६ चा निकष ठेवला तर ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते. एका बैठकीत ४० फेऱ्यांनी कान थकतात, म्हणून त्या तीन-चार बैठकींत विभागाव्या लागतील. धाकट्याने तो २ ओहमचा रेझिस्टर आणि रिलेचा डबा मोडलेला नाही. ही लांबवलेली चाचणी आता त्याला स्वतःवरही घ्यायची आहे.